व्हेनिसचं सागरी प्रजासत्ताक: उदय, भरभराट आणि ऱ्हास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हेनिस नक्की किती वर्षं स्वतंत्र होतं?

परंपरेनं पहिल्या डोजचं (प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचं) वर्ष ६९७ सांगतात, पण त्याला भक्कम आधार नाही. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात, ७२६ च्या आसपास, ओर्सो नावाचा डोज होता इथपासून इतिहासकारांच्या पायाखाली जमीन येते. शेवट मात्र तारखेनिशी ठाऊक आहे: १२ मे १७९७. सुरुवातीची दोन-तीन शतकं व्हेनिस नावापुरतं बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राटाच्या छत्राखाली होतं. ते छत्र कधी सुटलं याची एक तारीख देता येत नाही. कुणी तसं जाहीर केलंच नाही, आणि न करण्यातच व्हेनिसचा फायदा होता.

शेती नाही, गोडं पाणी नाही, पायाखाली चिखल. मग शहर तिथंच का?

सुरक्षिततेसाठी. मुख्य भूमी आणि समुद्र यांच्या मध्ये वाळूचे लांब दांडे आणि त्यांच्या आड उथळ खाजण. या खाजणात कुठून जहाज जाईल आणि कुठं रुतेल हे स्थानिकांनाच कळायचं. ८१० मध्ये फ्रँक सम्राट शार्लमेनचा मुलगा पेपिन चालून आला तेव्हा राजधानी समुद्रालगतच्या मालामोक्कोहून खाजणाच्या मध्यात, रिआल्तोच्या बेटांवर हलवली गेली. आजचं शहर तेच.

बांधकामाची पद्धत अशी: चिखलात ओक, लार्च, अल्डर अशा लाकडांचे खुंट दाटीनं ठोकायचे, त्यावर आडव्या फळ्या, त्यावर आड्रियाटिकपलीकडच्या इस्त्रियाचा पांढरा दगड आणि मग विटांच्या भिंती. पाण्याखाली, हवेचा संपर्क नसलेल्या चिखलात लाकूड सहजी कुजत नाही. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, जिथं ते आलटूनपालटून ओलं-सुकं होतं, तिथं मात्र लवकर खराब होतं, म्हणून त्या पट्ट्यात हा दगड. खारं पाणी त्यात फारसं मुरत नाही.

प्यायचं पाणी पावसाचं. चौकाखाली मोठा खड्डा, त्याला चिकणमातीचं अस्तर, आत वाळू, मधोमध विटांची विहीर. पाणी कोपऱ्यांतल्या जाळ्यांतून उतरायचं, वाळूतून गाळून विहिरीत यायचं. मोठी भरती चौकात शिरली की खारं पाणी आत जायचं आणि टाकं निकामी व्हायचं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की नदीचं पाणी होड्यांनी आणायचं.

पहिला पैसा कशातून आला? मसाल्यांतून?

नाही, मिठातून. मिठागरं, मासे आणि पो नदीतून आत जाणारी होड्यांची वाहतूक. खाजणाच्या दक्षिण टोकाच्या कियोज्जाचं मीठ उत्तर इटलीत विकून बदल्यात धान्य आणायचं, हा मूळ धंदा. मसाले, रेशीम, गुलामांचा व्यापार (होय, तोही, आणि मोठ्या प्रमाणावर) हे त्यावरचे मजले.

बायझंटाईन साम्राज्याशी झालेल्या कराराला इतकं महत्त्व का?

कारण त्यानं स्पर्धेची पातळीच बदलली. दक्षिण इटलीतल्या नॉर्मनांनी आड्रियाटिकच्या पलीकडे चढाई केली तेव्हा सम्राट पहिला अलेक्सियस याला आरमार हवं होतं. ते व्हेनिसनं दिलं. बदल्यात १०८२ मध्ये (काही अभ्यासक १०९२ धरतात) साम्राज्यातल्या बहुतेक बंदरांत जकात माफ आणि राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये धक्के नि गाळे मिळाले. खुद्द ग्रीक व्यापारी जकात भरत होते आणि परकीय व्हेनिसकरांना ती माफ होती. रोष वाढणारच. १२ मार्च ११७१ रोजी सम्राट मॅन्युएलनं साम्राज्यभरच्या व्हेनिसकरांना एकाच दिवशी अटक करून त्यांचा माल जप्त केला. त्याची भरपाई पुढची कित्येक वर्षं रखडली.

१२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी ख्रिस्ती शहरच कसं काय लुटलं? व्हेनिसचा कट होता का?

कटापेक्षा आकडे पाहा. धर्मयोद्ध्यांशी झालेल्या १२०१ च्या करारानुसार व्हेनिसनं ४,५०० सरदार, तितकेच घोडे, ९,००० मदतनीस आणि २०,००० पायदळ नेण्याइतकी जहाजं आणि शिधा तयार ठेवायचा होता. किंमत ८५,००० मार्क चांदी. शिवाय स्वतःच्या खर्चानं ५० गॅली (वल्ह्यांनी चालणारी लांब जहाजं), आणि जे जिंकलं जाईल त्यात निम्मा वाटा. हे पेलण्यासाठी शहरानं जवळजवळ वर्षभर इतर व्यापार बाजूला ठेवला.

१२०२ च्या उन्हाळ्यात माणसं आली ती अपेक्षेच्या साधारण एक तृतीयांश. सगळ्यांनी खिसे झटकले तरी ३४,००० मार्क कमी पडले. जहाजं बांधून तयार, पैसे नाहीत. वृद्ध आणि अंध डोज एन्रिको दांदोलोनं तोडगा काढला: आधी आमच्याविरुद्ध उठलेलं, आड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यावरचं झारा जिंकून द्या, कर्ज नंतर फेडा. पोपनं मनाई केली होती तरी नोव्हेंबर १२०२ मध्ये झारा पडलं. मग गादीवरून हटवलेल्या बायझंटाईन सम्राटाच्या मुलानं, आम्हाला गादी परत मिळवून द्या, दोन लाख मार्क देतो, असं वचन दिलं. ते त्याला पाळता आलं नाही, आणि एप्रिल १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं.

पहिल्या दिवसापासून सगळं ठरलेलं होतं असं मानायला पुरावा तोकडा आहे. पण प्रत्येक वळणावर व्हेनिसनं आपलं येणं आधी पाहिलं यात शंका नाही. वाट्याला साम्राज्याचा तीन अष्टमांश हिस्सा आला. त्यांनी सगळी जमीन घेतली नाही, निवडून बंदरं घेतली: ग्रीसच्या दक्षिण टोकाची मोदोन, कोरोन, आणि एक हजार मार्कांना विकत घेतलेलं क्रीट.

फक्त बंदरंच का?

गॅलीवर दीडशे-दोनशे माणसं, आणि वल्हेकरी म्हणजे सतत खाणारे-पिणारे. पाण्याची पिंपं ठेवायला जागा थोडी, त्यामुळे दर काही दिवसांनी किनारा गाठावाच लागायचा. व्हेनिस ते अलेक्झांड्रिया हा प्रवास म्हणजे ठरलेल्या थांब्यांची साखळी. मोदोन आणि कोरोन यांना ‘प्रजासत्ताकाचे दोन डोळे’ म्हणायचे ते यामुळेच: येणारं-जाणारं प्रत्येक जहाज तिथं थांबायचं, पाणी भरायचं, पुढची खबर घ्यायचं. साखळीतला एक दुवा गेला की सगळं वेळापत्रक कोलमडायचं.

सामान्य माणूस या व्यापारात पैसा कसा घालायचा?

‘कोलेगांझा’ नावाच्या भागीदारीतून. एक घरी बसणारा, एक प्रवास करणारा, आणि करार एकाच सफरीपुरता.

एका प्रकारात सगळं मुद्दल घरी बसणाऱ्याचं. समजा त्यानं १०० लिरा दिल्या आणि सफरीत ४० नफा झाला, तर मुद्दल परत, वर ३० त्याला आणि १० प्रवाशाला. दुसऱ्या प्रकारात मुद्दल दोन तृतीयांश-एक तृतीयांश आणि नफा निम्मा-निम्मा: २०० आणि १०० घातले, ६० मिळाले, तर दोघांना ३०-३०. जहाज बुडालं तर नुकसान ज्याचं त्याच्या मुद्दलाच्या प्रमाणात. म्हणजे पहिल्या प्रकारात प्रवाशाचे फक्त कष्ट बुडायचे, डोक्यावर कर्ज राहायचं नाही. खिशात दमडी नसलेला तरुण चार-पाच सफरींत स्वतःचं भांडवल उभं करू शकायचा तो यामुळे. विधवा, कारागीर, पाद्री यांचीही छोटी रक्कम यात असायची.

शहाणा गुंतवणूकदार सगळी रक्कम एका जहाजावर ठेवायचा नाही. पाच जहाजांवर पाच हिस्से. विमा सर्रास होण्याआधीचा हाच विमा.

सरकारी गॅलींचे ताफे कसे चालायचे?

चौदाव्या शतकात जम बसलेली ही पद्धत आमच्या मते व्हेनिसची सर्वांत मोठी करामत, कोणत्याही लढाईपेक्षा. मोठ्या व्यापारी गॅली सरकारच्या मालकीच्या. दरवर्षी सेनेट (कारभार पाहणारी परिषद) ठरवायचं: कुठल्या मार्गावर किती जहाजं, कधी सुटायचं, कुठं किती दिवस थांबायचं, भाडं किती. मग प्रत्येक गॅलीचा त्या सफरीपुरता जाहीर लिलाव. बोली जिंकणाऱ्या खानदानी माणसानं खलाशी भरायचे, पण ठरलेल्या भाड्यात कुणाही व्हेनिसकराचा माल घेण्यास नकार द्यायचा नाही. ताफ्याचा कप्तान मात्र सरकारी. मार्ग अलेक्झांड्रिया, बैरूत, काळा समुद्र, उत्तर आफ्रिका आणि १३१४ च्या सुमारापासून थेट फ्लँडर्स.

अलेक्झांड्रिया-बैरूतचे ताफे उन्हाळ्याच्या अखेरीस निघायचे आणि नाताळच्या सुमारास परतायचे, कारण आल्प्सपलीकडचे जर्मन व्यापारी त्याच वेळी चांदी घेऊन यायचे. उशीर झाला की दोन्हीकडून फटका: तिकडे मिरीचा भाव चढलेला, इकडे गिऱ्हाईक परतलेलं.

गॅलीत मसाले, रेशीम असा कमी जागेत जास्त किमतीचा माल जायचा. धान्य, मीठ, कापूस शिडाच्या पोटाळ जहाजांतून. गॅलीचं भाडं महाग, पण वल्हेकरीही वेळ पडली की हत्यार उचलायचे, त्यामुळे चाचे सहसा वाटेला जायचे नाहीत. प्रत्येक गॅलीवर काही जागा गरीब खानदानी पोरांसाठी राखीव असायच्या. नाव धनुर्धारी म्हणून, प्रत्यक्षात धंदा शिकायला.

आर्सेनालमध्ये (सरकारी जहाजगोदीत) एका दिवसात जहाज बांधायचे हे खरं का?

बांधायचे नाहीत, जोडायचे. फरक मोठा आहे. पाठीचा कणा, फासळ्या, फळ्या आधीच तयार करून राखीव सांगाडे गोदीत कोरडे ठेवलेले असत. गरज पडली की फटी बुजवायच्या, पाण्यात सोडायचं आणि सामान चढवायचं. १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री आला तेव्हा मेजवानी उरकेपर्यंत त्याच्यासमोर एक गॅली सज्ज केली, ती अशीच.

सामान चढवण्याची रीत १४३० च्या दशकात आलेल्या एका स्पॅनिश प्रवाशानं नोंदवली आहे. दोन्ही बाजूंना कोठारं, मधून कालवा. रिकामी गॅली ओढत आणायची, आणि एका खिडकीतून दोरखंड, दुसरीतून पाव, तिसरीतून शस्त्रं, असं करत टोकाला पोहोचेपर्यंत ती माणसांसकट तयार. त्याच्या डोळ्यांदेखत काही तासांत दहा गॅली बाहेर पडल्या.

परंपरेनं स्थापना ११०४ ची, पण खरा विस्तार चौदाव्या-पंधराव्या शतकांतला. सोळाव्या शतकात तिथं दोन-तीन हजार कामगार होते. दोर वळायची इमारतच ३०० मीटरहून लांब, कारण नांगराचा दोर सलग, बिनजोड हवा. अडचण यायची लाकडाची. ओक वाढायला पिढ्या लागतात, म्हणून सरकारनं मुख्य भूमीवरची जंगलं राखीव केली. शेतकऱ्यांच्या दृष्टीनं आपल्या रानातला ओक म्हणजे नसती आफत, त्यामुळे रोपं गुपचूप उपटली जायची.

डोज निवडायची पद्धत इतकी किचकट का होती?

एका घराण्याच्या हातात सत्ता जाऊ नये म्हणून. १२६८ पासून अखेरपर्यंत क्रम असा:

१. महापरिषदेतून (प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च सभेतून) चिठ्ठीनं ३०, त्यातून चिठ्ठीनं ९.
२. हे ९ जण ४० निवडणार. चिठ्ठीनं त्यांतले १२ उरणार.
३. १२ जण २५ निवडणार. चिठ्ठीनं उरले ९.
४. ९ जण ४५ निवडणार. चिठ्ठीनं ११.
५. ११ जण ४१ निवडणार, आणि हे ४१ डोज निवडणार. किमान मतं २५.

चिठ्ठीचे गोळे काढायला वाटेत भेटलेला एक लहान मुलगा. सौदेबाजी पूर्ण थांबली असं नाही, पण कोण मतदार होणार हेच आधी कळत नसल्यानं ती महाग पडायची. निवडून आल्यावरही डोजला परकी पत्रं एकट्यानं उघडता यायची नाहीत. १३५५ मध्ये मारिनो फालिएरो या डोजनं सत्ता बळकावण्याचा घाट घातला, तर दहा जणांच्या परिषदेनं त्याचा शिरच्छेद केला.

१२९७ मध्ये महापरिषदेची दारं बंद झाली, तिथूनच ऱ्हास सुरू झाला का?

असं बरेचदा लिहिलं जातं. आम्हाला ते अर्धंच पटतं. सदस्यत्व मोजक्या घराण्यांपुरतं वंशपरंपरागत झालं हे खरं. पण त्यामुळे सुरुवातीला परिषद उलट मोठीच झाली, आणि व्हेनिसची सर्वोत्तम दोनशे वर्षं त्यानंतरची आहेत. नुकसान उशिरा दिसलं. पुढे मोठ्या व्यापाराची वाट खानदानी लोकांपुरती आवळत गेली आणि कोलेगांझातून वर येणारा गरीब तरुण दिसेनासा झाला.

जिनोआशी वैर कसं संपलं?

चार युद्धांनंतर. जिनोआ हे इटलीतलंच दुसरं सागरी प्रजासत्ताक. त्यानं १२८४ मध्ये मेलोरियाच्या लढाईत तिसऱ्या स्पर्धकाचं, पिसाचं, आरमार संपवलं होतं, त्यामुळे स्पर्धेत उरले दोघंच. १३७९ मध्ये जिनोआकरांनी थेट कियोज्जा घेतलं, म्हणजे खाजणाचं दक्षिण दारच. व्हेनिसनं डिसेंबरात दगडांनी भरलेल्या होड्या खाडीच्या तोंडांशी बुडवून त्यांचीच वाट बंद केली. १ जानेवारी १३८० ला व्हेनिसचा सेनापती कार्लो झेनो पूर्वेकडचा ताफा घेऊन परतला आणि जूनमध्ये उपाशी जिनोआकर शरण आले. १३८१ च्या तहात व्हेनिसला जिंकल्यासारखं फार काही मिळालं नाही. पण जिनोआ अंतर्गत भांडणांत गुरफटलं, आणि व्हेनिसनं युद्धाला पैसा पुरवणाऱ्या ३० घराण्यांना परिषदेत घेऊन घर सावरलं.

आपल्याकडची पुतळी आणि व्हेनिसचा काय संबंध?

थेट. १२८४ पासून व्हेनिसनं पाडलेलं डुकॅट हे साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला डोज, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त. वजन, कस आणि चित्र पाचशे वर्षं जवळपास तेच ठेवलं. युरोपला मिरीच्या बदल्यात द्यायला सोन्या-चांदीपलीकडे फारसं काही नव्हतं, त्यामुळे ही नाणी इजिप्त, एडनमार्गे पश्चिम किनाऱ्यावर येत राहिली. मराठेशाहीत पुतळी हे चलनातलं सोन्याचं नाणं होतं, आणि पुतळ्यांच्या माळेतल्या चकत्या त्याच नाण्यावरून आल्या. इथल्या सोनारांनी नकला करताना त्या आकृत्यांना आपल्या देवादिकांची रूपं दिली.

वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि व्हेनिस संपलं, हे बरोबर ना?

शाळेत शिकवतात तितकं सरळ नाही. धक्का जबर होता: १५०४ मध्ये अलेक्झांड्रिया-बैरूतहून ताफे मसाल्यांविना परतले. त्याच वर्षी व्हेनिसनं कैरोला दूत पाठवून इजिप्तच्या मामलुक सुलतानाला पोर्तुगीजांविरुद्ध हातपाय हलवायची गळ घातली. मामलुक आरमारानं १५०८ मध्ये चौलला पोर्तुगीजांना हरवलं, पुढच्या वर्षी दीवला मात्र ते स्वतः बुडालं.

पण पोर्तुगीजांना तांबडा समुद्र कधीच पुरता बंद करता आला नाही. १५१३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कचा एडनवरचा हल्ला फसला. मिरी पुन्हा जुन्या वाटेनं जाऊ लागली आणि १५६० च्या दशकात व्हेनिसचा मसाल्यांचा व्यापार पूर्वीच्या पातळीला परतला होता. वास्कोनंतर साठ वर्षांनी! खरा घाव डचांचा. १६०२ मध्ये त्यांची कंपनी निघाली आणि काही दशकांतच मसाले व्हेनिसमध्ये पश्चिमेकडून, डच-इंग्रज जहाजांतून यायला लागले.

मग ऱ्हासाची कारणं कोणती?

एक नाही, आणि एकाच वेळीही नाहीत. ओस्मानी तुर्कांनी बंदरांची साखळी तोडली: १४७० मध्ये ग्रीसलगतचं नेग्रोपोन्ते, १५०० मध्ये मोदोन-कोरोन, १५७१ मध्ये सायप्रस. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला लेपांतोची प्रसिद्ध लढाई ख्रिस्ती आघाडीनं जिंकली, तिथं व्हेनिसच्या सहा तोफधारी गॅलिअसनी (मोठ्या, जड गॅलींनी) समोरची रांग फोडली. तरीही १५७३ च्या तहात सायप्रस सोडून वर तीन लाख डुकॅट मोजावे लागले. तुर्कांनी एका हिवाळ्यात नवं आरमार उभं केलं होतं, आणि व्हेनिसचं धान्य नि व्यापार दोन्ही त्यांच्या मुलखावर अवलंबून होते.

जहाजांचं तंत्र बदललं. तोफा लावलेल्या शिडाच्या जहाजांपुढे दोनशे पोटं पोसणारी गॅली परवडेना. फ्लँडर्सचा ताफा १५३० च्या दशकात बंद पडला. स्वतःची जहाजं वाचवायला १६०२ मध्ये कायदा केला की पूर्वेचा माल परक्या जहाजांतून आणायचा नाही. इंग्रज-डच सरळ इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लिव्होर्नोच्या मुक्त बंदराकडे वळले. आमच्या मते ही टाळता येण्याजोगी चूक होती.

लोकर उद्योगाची गोष्ट बोलकी आहे. १६०२ मध्ये शहरात २८,००० हून जास्त ताके विणले गेले, शतकाअखेर जेमतेम दोन-तीन हजार. कारागीर संघांचे कडक नियम, चढी मजुरी, चढे कर. इंग्रज हलकं, स्वस्त कापड विकत होते, तेही व्हेनिसची नक्कल केलेल्या खुणा लावून.

प्लेगचा परिणाम किती?

१५७५-७७ आणि १६३०-३१ या दोन साथींत दर खेपेस चाळीस हजारांहून अधिक माणसं गेली, म्हणजे शहराचा चौथा ते तिसरा हिस्सा. १४२३ पासून रोग्यांसाठी स्वतंत्र बेट होतं, १४६८ पासून संशयित जहाजांसाठी दुसरं. माल उघडून हवेत पसरायचा, धुरी द्यायची, साधारण चाळीस दिवस थांबायचं. त्या काळात याहून शिस्तशीर व्यवस्था क्वचितच कुठं होती. पण पिसवा आणि उंदीर यांची भूमिका कुणालाच ठाऊक नव्हती.

शेवट कसा झाला?

क्रीटसाठी १६४५ ते १६६९ लढताना तिजोरी रिकामी झाली. खानदानी दर्जा एक लाख डुकॅटला विकायला काढला गेला. श्रीमंतांनी पैसा जहाजांतून काढून मुख्य भूमीवरच्या शेतीत आणि हवेल्यांत घातला. अठराव्या शतकात व्हेनिस गरीब नव्हतं, तटस्थ आणि चैनीत होतं. नेपोलियननं ती तटस्थता मोजली नाही. १२ मे १७९७ ला महापरिषदेत ५३७ सदस्य जमले. गणपूर्ती ६०० ची. तरीही ५१२ मतांनी परिषदेनं स्वतःला बरखास्त केलं. ऑक्टोबरात शहर ऑस्ट्रियाला देऊन टाकण्यात आलं.

महाराष्ट्राशी आणखी काही दुवा?

निकोलाओ मनुची. व्हेनिसमध्ये जन्मलेला, पोरसवदा वयात घर सोडलेला. १६६५ मध्ये तो मिर्झाराजे जयसिंगांच्या तोफखान्यात होता, आणि पुरंदरच्या छावणीत शिवाजी महाराजांशी बोलणं झाल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. त्याच्या लिखाणात ऐकीव भाग बराच असल्यानं ताडून पाहूनच घ्यावं. त्याच्याही आधी, १५६० च्या दशकात, चेझारे फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी चौल, गोवा, विजयनगर पाहून गेला.

आज व्हेनिसला गेलं तर यातलं काय दिसतं?

रिआल्तो पुलाजवळची जर्मन व्यापाऱ्यांची वखार. १५०५ च्या आगीनंतर पुन्हा उभी केलेली. परक्यांनी तिथंच उतरायचं आणि सरकारी दलालामार्फतच सौदा करायचा. संत मार्कच्या दर्शनी भागावरचे चार घोडे प्रतिकृती आहेत. १२०४ च्या लुटीतले मूळ घोडे आतल्या संग्रहालयात. आर्सेनालच्या दरवाजाशी बसलेला मोठा संगमरवरी सिंह व्हेनिसचा सेनापती मोरोसिनीनं १६८७-८८ च्या मोहिमेतून अथेन्सच्या बंदरातून आणला. त्याच्या खांद्यावर उत्तरेकडच्या वायकिंग सैनिकांनी कोरलेली अक्षरं आहेत, ऊन तिरकं असताना पाहिली तर ओळखू येतात. आर्सेनालचा बराच भाग अजून नौदलाकडे आहे, पण दोर वळायची लांब इमारत बिएनाले या कलाप्रदर्शनाच्या काळात तिकीट काढून आतून पाहता येते.